नऊ खिशांचं पान : निवृत्त खेळाडूंची बेसबॉल कार्डं निवडताना



तत्त्वज्ञानाच्या मास्तराचा बेसबॉलशी काय संबंध, असं विषय वाचून काही जणांना वाटलं असेल. रास्त आहे. पण या मालेत गेली काही सत्रं आपण 'किंमत' आणि 'मूल्य' यांतल्या फरकावर बोलतो आहोत, आणि तो फरक ज्याच्यावर बोट ठेवून दाखवता येईल अशी वस्तू मी शोधत होतो. ती एका श्रोत्याच्या पत्रात सापडली. हे गृहस्थ अमेरिकेत राहतात. त्यांनी विचारलं, ''मैदान सोडलेल्या थोर बेसबॉल खेळाडूंची कार्डं जमवायची आहेत. पैसे मर्यादित, कपाटात जागा मर्यादित, आणि वर्षंही आता मर्यादितच. कुणाची घ्यावीत, आणि त्यांतली कुठली?'' प्रश्न छंदाचा दिसतो. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न आहे : कुणाला लक्षात ठेवायचं, आणि कुणाच्या सांगण्यावरून? म्हणून आजचा हा तास.

ज्यांना ही वस्तू माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं सांगतो. पत्त्याच्या आकाराचा एक पुठ्ठ्याचा तुकडा. पुढे खेळाडूचं चित्र किंवा फोटो, मागे त्याची माहिती आणि आकडे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत सिगरेटच्या पाकिटांत अशी कार्डं टाकायला सुरुवात झाली. पाकीट ताठ राहायचं आणि गिऱ्हाईक परत यायचं. पुढे सिगरेटची जागा च्युइंगगमने घेतली, आणि बाप्यांचं कार्ड पोरांचं झालं. आपल्याकडे पोरं काडेपेट्यांचे छाप गोळा करायची, तसंच समजा. फरक एवढाच, की आपल्या छापांवर कुणी कोट्यवधी रुपये लावले नाहीत. तिकडे लावले. ऑगस्ट २०२२ मध्ये १९५२ सालचं मिकी मँटलचं एक कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं.

आता निवडीकडे येऊ. बाजारात निवडीच्या चार कसोट्या चालतात : दुर्मीळपणा, पहिलेपणा, अवस्था आणि मान्यता. एकेक घेऊन ती किती भार पेलते ते बघू.

पहिली, दुर्मीळपणा. इथे सगळे होनस वॅग्नरचं नाव घेतात. पिट्सबर्ग पायरेट्सचा हा खेळाडू. १९०९ ते १९११ या काळात अमेरिकन टोबॅको कंपनीने काढलेल्या संचात पाचशेहून जास्त कार्डं होती. वॅग्नरचं कार्ड मात्र छपाई सुरू झाल्यावर लवकरच थांबलं, आणि आज त्याच्या पन्नास-साठ प्रतीच माहीत आहेत. थांबलं का, याची दोन कारणं सांगतात. एक असं, की पोरांनी कार्डासाठी तंबाखू विकत घ्यावी हे वॅग्नरला पटलं नाही. दुसरं असं, की कंपनीने त्याला मोबदला दिला नाही. पहिली गोष्ट गोड आहे, त्यामुळे तीच जास्त सांगितली जाते. आता गंमत बघा. १९४८-४९ च्या सुमारास 'लीफ' कंपनीने एक संच काढला. त्यात म्हातारा वॅग्नर आहे. तो तेव्हा संघाचा प्रशिक्षक होता. आणि त्या चित्रात तो काय करतोय? चघळायची तंबाखू तोंडात भरतोय! हे दुसरं कार्ड पहिल्याच्या मानाने पुष्कळ स्वस्त मिळतं. पण वॅग्नर नावाच्या माणसाबद्दल ते जास्त सांगतं, आणि त्या गोड गोष्टीकडे जरा सावधपणे बघायला शिकवतं.

दुर्मीळपणात आणखी एक तर्कदोष आहे. १९५२ च्या संचाचंच घ्या. तो टॉप्स कंपनीच्या साय बर्जर यांनी घडवला. हंगामाच्या शेवटी आलेली कार्डं खपली नाहीत, वर्षानुवर्षं गोदामात पडून राहिली, आणि १९६० मध्ये आपण ती खोकीच्या खोकी बोटीवर चढवून अटलांटिक समुद्रात बुडवली, असं बर्जर स्वतः सांगत असत. मँटलचं प्रसिद्ध कार्ड त्याच शेवटच्या गटातलं. पण त्या गटात मँटल हा दुर्मिळांतला दुर्मीळ नाही. छपाईच्या मोठ्या कागदावर त्याचं कार्ड दोनदा होतं. म्हणजे त्याच गटातल्या बहुतेक अनोळखी खेळाडूंच्या दुप्पट प्रती मँटलच्या निघाल्या. केवळ दुर्मीळपणाला किंमत असती, तर ते अनोळखी खेळाडू मँटलहून महाग असते. नाहीत. तेव्हा दुर्मीळपणा एकटा काहीच ठरवत नाही. 'जे लोकांना आधीच हवं आहे, ते कमी आहे' एवढंच तो सांगतो. ते का हवं, हा प्रश्न जिथल्या तिथेच राहतो.

शिवाय आता दुर्मीळपणा कारखान्यात तयार होतो. कार्डावर 'पंचवीसपैकी सातवं' असा आकडाच छापून येतो. जुनी कार्डं विरळ झाली, कारण पोरांनी ती सायकलच्या आऱ्यांत अडकवून फडफडवली, आयांनी ती झाडून काढली. म्हणजे ती आयुष्यातून जाऊन विरळ झाली. नवी कार्डं जन्मतःच विरळ असतात, कुणी हातही न लावता. या दोन्हींना आपण एकच शब्द वापरतो, तो सैलपणाने.

दुसरी कसोटी, पहिलेपणा. यांच्या भाषेत 'रुकी कार्ड', म्हणजे खेळाडूचं पहिलं कार्ड. पहिलं ते खरं, अशी समजूत. पण बाजार स्वतःची ही कसोटीदेखील पाळत नाही. मँटलचं पहिलं कार्ड १९५२ चं नाहीच. ते १९५१ चं, 'बोमन' कंपनीचं. तरी मुकुट आहे तो १९५२ च्या डोक्यावर. आणि मला मूळ कल्पनाच तपासून बघावीशी वाटते. पहिल्या कार्डावर असतो तो थोर खेळाडू नसतोच. असतो एक पोरगा, ज्याने अजून काही केलेलं नाही. १९८९ साली 'अप्पर डेक' कंपनीने आपल्या पहिल्याच संचात एक नंबरवर केन ग्रिफी ज्युनियरला बसवलं. तो तेव्हा मोठ्या लीगमध्ये एकही सामना खेळलेला नव्हता. फोटोतली टोपी खालच्या लीगमधल्या संघाची होती, तिचे रंग फिरवून ती सिअ‍ॅटल मरिनर्सची केली. पुढे ग्रिफी खरोखरच मोठा झाला, म्हणून ते कार्ड भविष्यवाणीसारखं वाटतं. पण त्याच वर्षी अशीच आशा इतर कितीतरी पोरांवर लावली होती, ती फुकट गेली. पहिलं कार्ड म्हणजे आशेचा कागद. आशा सुंदर असते, नाही कोण म्हणतं? पण जो माणूस निवृत्त झाला, ज्याचा हिशेब पूर्ण झाला, त्याला आठवण्यासाठी आशेचाच कागद का हवा? मँटलने १९६९ च्या मार्च महिन्यात निवृत्ती जाहीर केली. त्याच वर्षीच्या टॉप्सच्या संचात त्याचं कार्ड तरीही आहे, पाचशे नंबरचं. ते त्याचं खेळाडू म्हणून शेवटचं कार्ड. त्यामागे ५३६ होम रन उभे आहेत, आणि वारंवार दुखावलेले गुडघे. मला ते पहिल्यापेक्षा जास्त पूर्ण वाटतं.

तिसरी कसोटी, अवस्था. कोपरे टोकदार आहेत का, चित्र मधोमध आहे का, कडा पांढऱ्या आहेत का. यासाठी कंपन्या आहेत. त्या कार्ड तपासतात, एक ते दहा असे गुण देतात आणि ते प्लॅस्टिकच्या घट्ट पेटीत कायमचं बंद करतात. पीएसए ही त्यांतली सर्वांत नावाजलेली कंपनी १९९१ मध्ये सुरू झाली. तिने गुण दिलेलं पहिलंच कार्ड म्हणजे वॅग्नरचं एक प्रसिद्ध कार्ड. हॉकीपटू वेन ग्रेट्झ्की आणि त्याच्या भागीदाराने ते १९९१ मध्ये ४ लाख ५१ हजार डॉलरला घेतलं होतं. त्याला दहापैकी आठ गुण मिळाले. सगळ्या वॅग्नरांत तेच देखणं. २००७ मध्ये ते २८ लाख डॉलरला विकलं गेलं. आणि २०१३ मध्ये बिल मास्ट्रो या लिलाववाल्याने न्यायालयात कबुली दिली, की ते कार्ड विकण्यापूर्वी आपण त्याच्या कडा कापल्या होत्या. २०१५ मध्ये त्याला वीस महिन्यांची शिक्षा झाली, ती त्याच्या लिलावांतल्या फसवणुकीबद्दल.

इथे नीतीपेक्षा ज्ञानाचा मुद्दा मोठा आहे. जी परीक्षा 'नवेपणा' मोजते, तिला फसवायचा सोपा मार्ग म्हणजे जुन्याला नवं करणं. खरं वापरलेलं, पिवळं पडलेलं, मधे घडी पडलेलं कार्ड या परीक्षेत नापास होतं. कातरलेलं पास होतं. कसोटी अशी असेल की खोटं तिच्यात पुढे जातं आणि खरं मागे राहतं, तर दोष खोटं करणाऱ्याचा आहेच, पण कसोटीचाही आहे.

याच्या समोर मला जेफरसन बर्डिक यांना उभं करावंसं वाटतं. न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूजचे हे गृहस्थ. साधी नोकरी, श्रीमंती नाही. छापील कार्डं, पोस्टकार्डं, जाहिरातींचे कागद, जे जग टाकून देतं ते यांनी गोळा केलं, आणि त्याची वर्गवारी लावली. वॅग्नरच्या त्या संचाला आज सगळे 'टी-२०६' म्हणतात. तो क्रमांक बर्डिक यांच्या सूचीतला. त्यांनी आपला सगळा संग्रह न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमला दिला. तीन लाखांहून जास्त वस्तू, त्यांत तीस हजारांवर बेसबॉल कार्डं, आणि वॅग्नरही. हाताला संधिवात जडलेला असताना हा माणूस वर्षानुवर्षं म्युझियममध्ये बसून ती कार्डं वहीत लावत होता. १९६३ च्या सुरुवातीला काम पुरं झालं, आणि त्याच वर्षी ते गेले. आणि मंडळी, ती कार्डं त्यांनी वह्यांत चिकटवली! आजच्या ग्रेडिंगवाल्याला विचाराल तर हा गुन्हा आहे. बर्डिक यांच्या लेखी मात्र कार्ड हे वाचायचं साधन होतं. शेजारी कुठलं कार्ड आहे, ते कुठल्या संचातलं, कुणी छापलं, हे दिसलं पाहिजे, म्हणून चिकटवलं. ॲरिस्टॉटलने चपलेचं उदाहरण दिलंय : चपलेचे दोन उपयोग, पायात घालणं आणि बदल्यात दुसरं काही घेणं. दोन्ही चपलेचेच उपयोग, पण चप्पल झाली ती पहिल्यासाठी. प्लॅस्टिकच्या पेटीतलं कार्ड ही पायात न घालायची चप्पल आहे.

चौथी कसोटी, मान्यता. न्यूयॉर्क राज्यात कूपर्सटाउन नावाचं गाव आहे, तिथे बेसबॉलचं हॉल ऑफ फेम. निवृत्तीनंतर पाच वर्षं थांबायचं, मग बेसबॉलवर लिहिणारे पत्रकार मतदान करतात. ७५ टक्के मतं मिळाली की प्रवेश. बरेच संग्राहक म्हणतात, आम्ही फक्त तिथल्यांची कार्डं घेतो. ही कसोटी बाकीच्यांपेक्षा विचारी आहे, कबूल. निदान ती खेळाडूकडे बघते, कोपऱ्याकडे नाही. पण निकाल देणारे माणसं आहेत आणि निकाल फिरतात. पीट रोझला जुगाराच्या प्रकरणात १९८९ मध्ये कायमचं बाहेर काढलं; २०२४ मध्ये तो वारला, आणि २०२५ मध्ये त्याचं नाव त्या यादीतून काढण्यात आलं. बॅरी बाँड्सचे ७६२ होम रन सगळ्यांत जास्त, पण उत्तेजकांच्या आरोपांमुळे दहा वर्षांच्या मतदानात त्याला प्रवेश मिळाला नाही. मग तुमच्या कपाटात त्याने असावं की नसावं? दुसऱ्याच्या मतपेटीवर सोपवलं की हा प्रश्न तुम्हाला स्वतःला विचारावाच लागत नाही. सोय तीच, आणि अडचणही तीच.

तर या चार कसोट्या. माझी तक्रार त्या खोट्या आहेत अशी नाही. तक्रार अशी, की चारही कसोट्या कार्डाला 'वस्तू' समजतात किंवा 'शेअर' समजतात. कुणीही त्याला 'साक्षीदार' समजत नाही. मी सुचवतो ती पाचवी कसोटी साधी आहे. कार्ड हातात घ्या आणि विचारा : हा कागद कशाची साक्ष देतो? खेळाडूबद्दल, त्याच्या काळाबद्दल, त्याच्याकडे बघणाऱ्यांबद्दल हा असं काही सांगतो का, जे पुस्तक वाचून कळलं असतं तरी असं समोर दिसलं नसतं?

उदाहरणं घेऊ, म्हणजे हे हवेत राहणार नाही.

सॅचेल पेज. अनेकांच्या मते आजवरच्या सर्वांत थोर पिचरांपैकी एक. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा. हा कृष्णवर्णीय. मोठ्या लीगमध्ये कृष्णवर्णीयांना दार बंद होतं, म्हणून याची उमेदीची वर्षं निग्रो लीगमध्ये आणि गावोगावच्या सामन्यांत गेली. दार उघडल्यावर १९४८ मध्ये क्लीव्हलंडने त्याला घेतलं तेव्हा तो ४२ वर्षांचा होता. १९५३ च्या टॉप्स संचात त्याचं रंगवलेलं चित्र आहे. त्या संचातली चित्रं फार सुंदर आहेत, हाताने काढलेली. आणि खाली नाव आहे, 'सॅचेल', पण इंग्रजीत शेवटी एक 'एल' जास्त. ज्या माणसाचं नाव कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांत पोराटोरांना पाठ होतं, ते छापणाऱ्याला नीट लिहिता आलं नाही. चूक एका अक्षराची. पण ते अक्षर सांगतं, की दोन अमेरिका एकमेकींना किती कमी ओळखत होत्या.

रोबेर्तो क्लेमेंटे. पोर्तो रिकोचा, पिट्सबर्गकडून खेळलेला. १९५५ चं पहिलं कार्ड 'रोबेर्तो' या नावाने आलं. पण १९५७ पासून १९६९ पर्यंत टॉप्स त्याला 'बॉब क्लेमेंटे' छापत राहिली. बॉब! स्वतःच्या नावाबद्दल हा माणूस आग्रही होता. आपण पोर्तो रिकन आहोत, कृष्णवर्णीय आहोत, हे तो ठासून सांगायचा. आपल्याकडच्या पांडुरंगाला परदेशात कुणी 'पॅडी' करावं आणि बारा-तेरा वर्षं तसंच छापत राहावं, तसं हे. १९७० मध्ये कार्डावर 'रोबेर्तो' परत आला. १९७२ च्या डिसेंबरात निकाराग्वात भूकंप झाला. मदतीचं सामान घेऊन निघालेल्या विमानात तो स्वतः बसला, आणि ३१ डिसेंबरला विमान समुद्रात कोसळलं. त्याच्या नावावर बरोबर ३,००० हिट्स होते. हॉल ऑफ फेमने पाच वर्षांची अट बाजूला ठेवून १९७३ मध्येच त्याला आत घेतलं. आता सांगा, त्याचं कुठलं कार्ड घ्याल? बाजार म्हणेल १९५५. मी म्हणेन, साठच्या दशकातलं एक 'बॉब' आणि शेजारी १९७० चं 'रोबेर्तो'. ही जोडी १९५५ च्या मानाने खूप स्वस्तात मिळते. आणि ती जोडी एक वाक्य बोलते : माणसाला त्याचं नाव परत मिळायला एवढी वर्षं लागली.

हँक ॲरन. याची दोन कार्डं बोलकी आहेत. १९५७ च्या कार्डावर तो डावखुरा दिसतो. तो उजव्या हाताने खेळायचा. फोटोची निगेटिव्ह उलटी लागली. त्याच वर्षी तो आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. दुसरं कार्ड १९७४ चं, संचातलं एक नंबरचं. बेब रूथचा ७१४ होम रनांचा विक्रम ॲरनने ८ एप्रिल १९७४ ला मोडला. पण हंगामाआधी छापलेल्या कार्डावर 'होम रनांचा नवा राजा' असं लिहूनच टाकलंय, तेव्हा तो ७१३ वर होता! कंपनीने घाई केली, पण त्या घाईत विश्वास होता. आणि त्याच काळात ॲरनच्या टपालात वर्णद्वेषाने भरलेली, जिवे मारायच्या धमक्यांची पत्रं येत होती. एका बाजूला पुठ्ठ्यावर राज्याभिषेक, दुसऱ्या बाजूला धमकीची पाकिटं. दोन्ही शेवटी कागदच. हे कार्ड लाखोंनी छापलं गेलं, मध्यमवर्गीयाच्या खिशाला सहज परवडतं. किमतीला दुर्मीळपणा लागतो. साक्षीला लागत नाही.

आणि बेब रूथ. त्याच्या हयातीतली, म्हणजे १९३३ ची 'गाउडी' कंपनीची कार्डं आपल्यासारख्यांना झेपणार नाहीत. पण १९६२ च्या टॉप्स संचात रूथच्या आयुष्यावर दहा कार्डांची मालिका आहे. तो १९४८ मध्येच वारला होता. मग १९६२ मध्ये अचानक का? आदल्याच वर्षी रॉजर मॅरिसने एका हंगामात ६१ होम रन मारून रूथचा ६० चा विक्रम मोडला होता. संचातलं पहिलं कार्ड मॅरिसचं, आणि पुढे रूथची दहा. देवाचा विक्रम मोडला गेल्यावर देवळात जास्त दिवे लावले जातात, तसा प्रकार. लोक आपल्या दैवताला कसं सांभाळतात, याची ही साक्ष आहे.

आता मी या सगळ्याच्या मुळाशी येतो. साक्षीची कसोटी लावली की एक अडचण उभी राहते. ज्याचं कार्डच निघालं नाही, त्याचं काय?

जॉश गिब्सन. निग्रो लीगमधला फलंदाज. होमस्टेड ग्रेज आणि पिट्सबर्ग क्रॉफर्ड्स या संघांकडून खेळला. तो खेळत होता तेव्हा अमेरिकेतल्या च्युइंगगम कंपन्या ढिगाने कार्डं काढत होत्या. गिब्सनच्या हयातीत त्यांनी त्याचं एकही काढलं नाही. पोर्तो रिकोत निघालेल्या एका संचात तो दिसतो, पण तेही तो गेल्यावर. २० जानेवारी १९४७ ला, पस्तिसाव्या वर्षी, तो वारला. १५ एप्रिल १९४७ ला जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिनकडून मैदानात उतरला आणि भिंत पडली. मधे तीन महिनेसुद्धा नाहीत. मग डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने जाहीर केलं, की निग्रो लीगसुद्धा 'मेजर' होत्या. मे २०२४ मध्ये त्यांचे आकडे अधिकृत नोंदींत मिसळले गेले. तेव्हा काय निघालं? कारकिर्दीच्या फलंदाजीच्या सरासरीत आजवर टाय कॉब पहिला होता, .३६७. आता पहिला जॉश गिब्सन, .३७२. सोप्या भाषेत, हजार संधींत ३७२ वेळा त्याने हिट मारला. अधिकृत यादीत जो सर्वांत वर आहे, त्याच्या नावाने च्युइंगगमच्या पाकिटातून कधी कार्ड निघालं नाही.

आता लक्षात घ्या, दुर्मीळपणा, पहिलेपणा, अवस्था, या कसोट्यांनी चालणारा संग्राहक गिब्सनपर्यंत पोचूच शकत नाही. त्याचा वाईट हेतू नसतो. पण वस्तू जिथे आहे तिथेच तो बघतो, आणि वस्तू कुणाची बनवायची हे एकोणीसशे तीसच्या दशकातल्या कुणीतरी ठरवून ठेवलंय. म्हणजे त्या काळची भिंत पडली, कायदे बदलले, आकडे बदलले, तरी कपाटात ती भिंत तशीच उभी. हे मला आजच्या विषयातलं सर्वांत गंभीर वाटतं.

इथे आपलं न्याय-वैशेषिक दर्शन फार उपयोगी पडतं. त्यांनी 'अभाव' हा स्वतंत्र पदार्थ मानला. नसणं हेही एक प्रकारचं असणं आहे. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कळतं. ते नुसतं जमीन बघणं नव्हे. पण त्यांनी एक अट घातली : अभाव कशाचा ते सांगितलं पाहिजे. ज्याचा अभाव, त्याला ते 'प्रतियोगी' म्हणतात. प्रतियोगी माहीत नसेल तर अभाव दिसतच नाही. रिकामी जमीन दिसते, बस्स. तसंच वहीतल्या रिकाम्या खिशाचं. गिब्सन माहीत नसेल तर तो खिसा म्हणजे 'अजून भरायचाय' एवढंच. गिब्सन माहीत असेल तर तोच खिसा सांगतो, की इथे एक माणूस होता आणि त्याला येऊ दिलं नाही.

कुणी म्हणेल, अहो, नंतरच्या कंपन्यांनी गिब्सनची कार्डं काढलीत, त्यांतलं एखादं घालून टाका. घाला ना, कोण अडवतंय? पण ते शेजारच्या खिशात घाला किंवा घरी दुसरीकडे ठेवा. त्या जागी घातलं तर जखम भरल्याचा भास होतो, आणि ती भरलेली नाही.

दुसरा आक्षेप जास्त जोरदार आहे. ''सर, लोक गंमत म्हणून कार्डं जमवतात. तुम्ही त्याचं नागरिकशास्त्र केलंत.'' हा आक्षेप मी हलक्यावारी घेत नाही. गंमत गेली तर छंद मेला. ज्याला लहानपणी ज्या खेळाडूने वेड लावलं त्याचं कार्ड त्याने जरूर घ्यावं. ते वेडही एक साक्षच आहे, तुमच्या स्वतःच्या आयुष्याची. माझा विरोध आहे तो उसन्या वेडाला. बाजाराने वेड लावायचं आणि आपण ते आपलं समजायचं. १९८० च्या दशकाच्या अखेरीस असंच झालं. जुन्या कार्डांच्या किमती बघून लोकांनी नव्या कार्डांची खोकीच्या खोकी माळ्यावर नेऊन ठेवली, कंपन्यांनी अफाट छापलं, आणि सगळ्यांनीच जपल्यामुळे कशालाच भाव राहिला नाही. त्या पिढीने कार्डं जपली, पण त्यांतली किती बघितली? ग्रिफीचं कार्ड मी त्या काळाची खूण म्हणूनच ठेवीन : भविष्यावर पैसे लावणाऱ्या एका दशकाचं चित्र.

आता हातात काय घेऊन जायचं ते सांगतो. कार्डांच्या वहीत प्लॅस्टिकचं जे पान मिळतं त्याला नऊ खिसे असतात, तीन ओळी, तीन रांगा. बेसबॉलमध्येही मैदानावर नऊ जण. मी सुचवतो, एकच पान भरा. वरची रांग : म्हातारा, तंबाखू चघळणारा वॅग्नर; १९६२ च्या मालिकेतला रूथ; आणि १९५३ चा पेज, त्या जास्तीच्या 'एल'सकट. मधली रांग : जॅकी रॉबिन्सन १९५६ चा, म्हणजे त्याच्या शेवटच्या हंगामातला, 'बॉब' क्लेमेंटे आणि 'रोबेर्तो' क्लेमेंटे, एकाच खिशात पाठीला पाठ लावून, आणि १९७४ चा ॲरन. खालची रांग : १९६९ चा मँटल, गुडघे दुखणारा, १९८९ चा ग्रिफी, ज्याने अजून काहीच केलं नव्हतं. आणि नववा खिसा रिकामा. त्याच्या खाली कागदाच्या पट्टीवर फक्त नाव लिहा.

या पानात घडी पडलेली, कोपरे गेलेली कार्डं चालतील. उलट तशीच शोधा, ती स्वस्त मिळतात, आणि कुणाच्या तरी खिशातून फिरून आलेली असतात. वॅग्नर, पेज आणि रॉबिन्सन यांना थोडे पैसे साठवावे लागतील, थांबावं लागेल. थांबण्यातही मजा आहे. माझी यादी जशीच्या तशी घ्या असं मी म्हणत नाही. तसं केलंत तर कूपर्सटाउनच्या जागी मला बसवल्यासारखं होईल. प्रत्येक खिशाला विचारायचा प्रश्न मात्र घ्या : तू कशाची साक्ष देतोस?

आणि घरातलं एखादं पोर ती वही उलगडून बघेल तेव्हा नऊ कार्डांबद्दल ते फारसं काही विचारणार नाही, चित्रं बघून पुढे जाईल. ते विचारेल रिकाम्या खिशाबद्दल. तेव्हा तुमच्याकडे सांगायला गोष्ट असली पाहिजे.

इथे थांबतो. पुढच्या सत्रात 'अभाव' या पदार्थाकडेच जरा सविस्तर वळू. आज त्याचा नुसता परिचय झाला. नमस्कार.